शेवटच्या पोत्याचा हिशेब

माझे मामा वाळवा तालुक्यातले. तीन एकरांवर आडसाली ऊस करतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, लग्न होऊन खाडीकाठच्या कोपरला आली आणि बँकेच्या शेतीकर्ज विभागात नोकरीला लागली. मी तिला ताई म्हणते. उसाला खत किती घालायचं यावरून या बापलेकीचा वाद गेली कित्येक वर्षं चालला आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा कोपरला येऊन राहिले, तेव्हा तो मी पहिल्यांदा नीट बसून ऐकला. दोघांचीही आकडेमोड बरोबर होती आणि तरी दोघं उलट्या टोकाला पोचत होते. म्हणून तो लिहून ठेवावासा वाटला.

ताईने दुकानाच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. मागच्या लागणीला मामांनी एकरी दहा पोती युरिया, चार पोती डीएपी आणि चार पोती १०:२६:२६ घातलं होतं. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीचं ५० किलोचं १३५० ला. संयुक्त खताचा आणि पोटॅशचा भाव पोत्याला ढोबळ दीड हजार धरला. एकराचा खर्च झाला १४ हजारांच्या थोडा वर.

"आता कृषी विद्यापीठाचं बघा," ताई म्हणाली. "राहुरीची आडसालीची शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. म्हणजे एकराला १६०, ६८, ६८. तीन पोती डीएपी, साडेसहा पोती युरिया, सव्वादोन पोती पोटॅश. खर्च नऊ हजारांच्या आसपास. तुमच्या उसाला नत्र गेलं २६३ किलो. आप्पा, शंभर किलो जादा! स्फुरद तर दुपटीहून जास्त. आणि उसाला जे भरपूर लागतं ते पालाश तुम्ही घातलंत ५२, म्हणजे उलट कमीच."

मामांनी डोळ्यावरचा काळा चष्मा सारखा केला. "जादा गेले किती?"

"पाच हजाराला थोडे कमी."

"आणि टनाला हातात किती पडलं?"

"तोडणी-वाहतूक जाऊन धरा तीन हजार दोनशे."

"मग दीड टनाचा सवाल हाय. एकराला साठ टन निघतोय. त्यात दीड टनाचा फरक पावसानं पडतोय, लाईटीनं पडतोय, टोळी महिनाभर उशिरा आली तर पडतोय. खत कमी घालून चार टन घटला तर तेरा हजार गेले. जादा घालून वाया गेलं तर पाच गेले. तू बँकेत बसतीस. तूच सांग, कुठला सौदा बरा?"

हे उत्तर मला अडाणी वाटलं नाही. शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, तो शेजाऱ्याचं बघून पोती ओततो, असं शेतीवरच्या भाषणांत सर्रास ऐकू येतं. मामांना हिशेब पक्का कळतो. त्यांचं पीक सोळा-अठरा महिने रानात उभं असतं, आणि त्या काळात त्यांच्या हातात ज्या थोड्या गोष्टी असतात त्यांत खत ही सगळ्यात स्वस्त. एका युरियाच्या पोत्याची किंमत वसूल व्हायला नव्वद किलो ऊस पुरतो. एवढ्या स्वस्तात विमा कोण सोडेल?

ताईचा रोख मात्र वेगळ्या ठिकाणी होता. तिने पोत्यांचे भाव किलोवर आणले. युरियातलं नत्र शेतकऱ्याला किलोला तेरा रुपयांना पडतं. डीएपीतलं स्फुरद पन्नाशीच्या पुढे, पोटॅशमधलं पालाश पन्नासच्या घरात. "एक किलो पालाशच्या पैशात चार किलो नत्र येत असेल तर माणूस काय घेईल? १ एप्रिल २०१० पासून सरकारने बाकीच्या खतांना अन्नद्रव्यावर ठरावीक अनुदान द्यायला सुरुवात केली आणि किमती बऱ्याच मोकळ्या सोडल्या. युरिया तेवढा बाहेर ठेवला, त्याचा भाव बांधलेलाच राहिला. तेव्हापासून तोल गेला तो गेलाच. २०२२-२३ साली केंद्राचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या वर होतं. तुमच्या रानात जे वाया जातं त्याचे खरे पैसे तिकडून जातात, म्हणून ते तुम्हाला टोचत नाहीत."

"मग काय युरिया महाग करा म्हणतीस?"

"हळूहळू करा, आणि वाचलेलं अनुदान एकरावर थेट खात्यात द्या."

"खात्यात येईल तेव्हा बघू. पोतं आज हातात हाय."

इथे एक गोष्ट ताईच्या हिशेबावरून माझ्या ध्यानात आली, आणि ती एरवी बोलली जात नाही. मामांच्या जादा पाच हजारांत युरियाचा वाटा जेमतेम नऊशेचा. बाकी सगळे पैसे डीएपी आणि संयुक्त खतात गेलेले. वर त्यांच्या मातीच्या तपासणीत स्फुरद आधीच भरपूर होतं. वर्षानुवर्षं डीएपी टाकलेल्या काळ्या रानात ते साठून राहतं, चुनखडीशी बांधलं जातं. म्हणजे खिशाची बचत डीएपीत आहे आणि जमिनीची व साखरेची बचत युरियात. युरिया कमी करा, पैसे वाचतील असं सांगत जो गावात जातो, तो शेतकऱ्याच्या पहिल्याच बेरजेत उघडा पडतो.

"डीएपी कमी कर म्हणालीस तर ऐकतो," मामा म्हणाले. "पण ते घेतलं जातं कसं ते ऐक. युरिया मागायला गेलं की दुकानदार म्हणतोय त्यासंगं ही बाटली घ्या, न्हाईतर ही दुसरी बॅग घ्या. लिंकिंग. आणि सोसायटीचं कर्ज असतंय त्यात खताचा भाग वेगळा. न्हाई उचललं तर रोख थोडीच मिळणार? वसुली काय, उसाच्या बिलातनं परस्पर होतीय. तवा माणूस म्हणतो, आलंय ते रानात तरी जाऊ दे."

ताई गप्प झाली. पीककर्जाची एकरी मर्यादा ठरवणाऱ्या यंत्रणेच्या एका टेबलाशी तीही बसते.

वाद खरा पेटला तो उताऱ्यावर. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५ रुपये होता, तोही १०.२५ टक्के साखर उतारा धरून. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढत होते. ताईने हा आकडा टनावर नेला: ३४ रुपये ६० पैसे.

"उशिरा आणि बेसुमार दिलेल्या नत्रानं ऊस नुसता वाढत राहतो, पक्व होत नाही. पानं हिरवीगार, कांडीत पाणी. वारा आला की लोळतो. लोळलेला ऊस तोडायला टोळी खुशाली वाढवून मागते, उंदीर लागतात, मुळ्या सुटतात, कोंब फुटतात. या सगळ्यात साखर जाते. समजा कारखान्याच्या सगळ्या सभासदांचं असंच चाललं आणि त्यापायी उतारा अर्धा टक्का पडला. टनाला १७३ रुपये गेले. साठ टनांना दहा हजारांवर. तुमच्या जादा खताच्या खर्चाच्या दुप्पट! हा तोटा तुमच्या वहीत कुठेच लिहिलेला नाही."

"लिहू कसा? माझ्या एकट्याच्या उसानं कारखान्याचा उतारा हलतोय व्हय? माझा ऊस गव्हाणीत पडला की तो सगळ्यांचा झाला. मी सहा पोती घातली आणि शेजाऱ्यानं बारा, तरी दर दोघांला एकच. त्याचं टनेज जास्त, पैसे त्याला जास्त. माझी साखर चांगली निघाली तर त्यातला कण तरी माझ्या बिलात येतोय का?"

या वादाची सगळी गाठ इथे आहे असं मला वाटतं, आणि मामांनी ती एका वाक्यात दाखवली. एफआरपी साखरेवर ठरते, पण शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. उतारा मोजला जातो सबंध कारखान्याचा, सरासरीने. ज्याने साखर राखली त्याचा फायदा हजारो सभासदांत वाटला जातो. ज्याने पाणी आणि युरिया ओतून वजन वाढवलं त्याचा फायदा पूर्ण त्याचा आणि तोटा तेवढा सगळ्यांत विभागलेला. फुले २६५ या जातीचंही असंच झालं. ती पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची, खारवट रानातही तग धरणारी आणि टनेज देणारी. शेतकऱ्यांना ती आवडली. उताऱ्यात ती ८६०३२ या जातीच्या मागे पडते म्हणून बऱ्याच कारखान्यांनी तिची नोंद घ्यायला खळखळ केली. एकाला वजन हवं, दुसऱ्याला साखर.

जगात यावर तोडगे नाहीत असं नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात ऊस पुरवणाऱ्याला उसातून मिळू शकणाऱ्या एकूण साखरेवर दर मिळतो. गाडीतून नमुना काढून तपासतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे कारखाने प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातली साखर वेगळी मोजतात. ताईने हेच सांगितलं आणि म्हणाली, "आपल्याकडे निदान गटवार तरी करता येईल. शंभर-दोनशे एकरांचा एक गट धरायचा, नमुने घ्यायचे, त्यावर थोडा तरी फरकाचा दर द्यायचा."

मामा पहिल्यांदा जरा चढ्या आवाजात बोलले. "आधी काटा सरळ करा! वजन डोळ्याला दिसतं, तरी काटामारीच्या तक्रारी मिटत न्हाईत. साखर तर दिसतबी न्हाई. आतल्या खोलीत कोण नळीत रस घालणार आणि आकडा सांगणार, त्यावर माझं बिल? नाडलेला माणूस हाय मी, पोरी. वीस गुंठ्यावाल्याचा नमुना खराब निघंल आणि संचालकाच्या पाव्हण्याचा गोड."

ताईकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. मोजमापावर विश्वास बसल्याशिवाय साखरेवर दर देता येणार नाही, आणि साखरेवर दर नसेल तोवर युरिया कमी करा हा सल्ला कागदावरच राहील. कृषी खातं, विद्यापीठ, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी प्रचारावर जेवढा जोर दिला, त्याच्या अर्धा जरी काट्यावर आणि उताऱ्याच्या पारदर्शकतेवर दिला असता, तर खताचा प्रश्न बराचसा आपोआप सुटला असता, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदांतून दरासाठी इतकी आंदोलनं झाली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या उसाची साखर मोजून द्या, ही मागणी दराच्या मागणीइतकी कधी गाजली नाही. ती गाजायला हवी.

दुपारी जेवणं झाल्यावर विषय पुन्हा निघाला तो जमिनीवरून. मामांच्या रानाचा तळातला तुकडा गेली काही वर्षं पांढरा पडत चालला आहे. वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ या पट्ट्यात हे नवीन नाही. ताईच्या शेजारी राहणारे आगरी काका नेमके तेव्हा आले. कोपरच्या खाडीलगत त्यांच्या आजोबांची भातशेती होती. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत यायचं आणि ते शेत पुढची काही वर्षं पीक द्यायचं नाही, हे त्यांनी पाहिलेलं. कृष्णाकाठी, समुद्रापासून इतक्या लांब, मीठ वर येतं यावर त्यांचा विश्वास बसेना. "तुमच्या हिकडं खाडी कुठून आली?"

"आम्हीच आणली," ताई म्हणाली.

मामांना ते लागलं. पण त्यांनी उत्तर दिलं ते नेमकं होतं. "सगळं खतावर ढकलू नको. ते पाण्याचं काम हाय. नदीवरची स्कीम आली, पाणी पाटानं सोडायची सवय लागली, चर बुजवून त्यावर ऊस लावला, निचरा बंद. खताचं मीठ त्यात भर घालतंय, पण मूळ पाणी."

हे खरं आहे, आणि ताईनेही ते मान्य केलं. काळ्या भारी जमिनीत निचरा थांबला की पाण्याची पातळी वर येते आणि क्षार पृष्ठभागावर साठतात. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून अशा क्षारपड जमिनी सुधारण्याचं काम हाती घेतलं, ते याच रोगावरचं. पण खताच्या अर्थशास्त्राशी संबंध इथेही येतोच. भरपूर पाणी आणि भरपूर युरिया एकमेकांची भूक वाढवतात. पाटपाण्यानं नायट्रेट मुळांच्या खाली निघून जातं, म्हणून माणूस आणखी एक पोतं टाकतो. युरिया वरून फोकला आणि पाणी लगेच मिळालं नाही तर चुनखडीच्या जमिनीत त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. भारतात दिलेल्या नत्रातलं साधारण ३० ते ४० टक्केच पिकाच्या अंगी लागतं, असं धरलं जातं. शेतकरी दहा पोत्यांचे पैसे देतो आणि ऊस तीन-चार पोती खातो.

ताईचा सगळ्यात आवडता मुद्दा पहारीचा. खोडव्याला खत देताना पहारीनं बुडख्यापासून चार-सहा इंचांवर भोक घ्यायचं, तेवढंच खोल, त्यात मूठभर खत टाकायचं आणि पायाने माती लोटून बुजवायचं. मग एक फूट पुढे दुसरं भोक. सरीच्या एका बाजूला आता, दुसऱ्या बाजूला साडेचार महिन्यांनी. वाफशावर हे केलं तर खत मुळाशी राहतं. मध्ये पाचट पसरलेलं असतं, त्यामुळे तणही दबतं.

"आणि पाचट जाळायचं नाही," ती म्हणाली. "एकराला तीन-चार टन पाचट निघतं. त्यात सोळा-वीस किलो नत्र, तीसेक किलो पालाश आणि टनभर ते दीड टन सेंद्रिय कर्ब. काडी लावली की नत्र आणि कर्ब हवेत. पालाश राखेत उरतं, पण ते पहिल्या पाटपाण्याबरोबर वाहतं."

"पहार हाणायला माणसं कुठनं आणू?" मामांनी विचारलं. "रोजगार काय झालाय माहिती हाय न्हवं? एका एकराला चार बायका दोन दिवस. फोकायला मी एकटा, अर्ध्या दिवसात. पाचट ठेवायचं तर कुट्टी मशीन लावा, त्याचं भाडं येगळं. आणि ॲसिटोबॅक्टर म्हणतीस, निम्मं नत्र वाचतंय म्हणतीस. ती बाटली दुकानात पत्र्याखाली मे महिन्यात ठेवलेली असती. त्यातले जीवाणू जिते हाईत का मेले, कोण बघितलंय?"

मजुरी आणि जीवाणूखताची प्रत हे दोन्ही आक्षेप खरे. कृषी विद्यापीठाची ५० टक्के नत्र बचतीची शिफारस चांगल्या प्रतीच्या संवर्धकावर आणि नीट केलेल्या बेणेप्रक्रियेवर उभी आहे; उन्हात तापलेल्या बाटलीवर नाही. पण पहारीच्या मजुरीचा हिशेब ताईने तिथेच केला. साडेतीन पोती युरिया आणि एक पोतं डीएपी कमी केलं तर सव्वादोन हजार सुटतात. चार बायकांची दोन दिवसांची मजुरी त्यात भागत नसली तरी बरीचशी निघते. मामांनी हा हिशेब दोनदा करून घेतला आणि नाकारला नाही.

मग मामांनीच विचारलं, "सहा पोत्यावर ऊस घटला तर?"

"घटणार नाही."

"घटला तर? तू पगारावर हायस. घटला तर माझा घटतोय."

या प्रश्नावर सगळी शास्त्रीय शिफारस येऊन थांबते. शिफारस करणाऱ्याचं काही जात नाही. विद्यापीठ चुकलं तर नुकसानभरपाई नाही, बँक चुकली तर व्याज माफ नाही. जादा खत हा शेतकऱ्याने स्वतः उतरवलेला विमा असेल, तर तो सोडायला सांगणाऱ्याने दुसरा विमा द्यायला नको का? मी हे बोलून दाखवलं. ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने पावतीची पाठ वर केली आणि लिहायला घेतलं.

येत्या जुलैच्या लागणीत वरच्या एका एकराचे दोन भाग. वीस गुंठ्यांत मामांची रीत, वीस गुंठ्यांत शिफारशीची मात्रा, चार हप्त्यांत: लागणीला नत्राचा दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा दहावा हिस्सा आणि मोठ्या बांधणीला उरलेलं चाळीस टक्के. त्यानंतर एक दाणा नाही. बेणं एकच, पाणी एकच, तोडणी एकाच दिवशी. दोन्ही तुकड्यांच्या गाड्या कारखान्यात जाण्याआधी बाहेरच्या काट्यावर वेगवेगळ्या वजन करायच्या. ही अट मामांची. तोडणीआधी दोन्हीकडच्या उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचा, खालच्या, मधल्या आणि वरच्या कांडीचा. ही अट ताईची.

"आणि तूट?" मामा.

"अर्ध्या टनापर्यंतची तुमची. खताचे पैसे वाचलेत, त्यात भागेल. त्यापुढं जेवढी होईल तेवढी मी भरीन, त्या वर्षीच्या दरानं."

"तोडणी-वाहतूक वजा करून का न करता?"

"वजा करून."

मामांनी कागद हातात घेतला, एका डोळ्याने वाचला, आणि 'अर्धा टन' खोडून त्याजागी 'पाच क्विंटल' लिहायला सांगितलं. काट्यावरची पावती क्विंटलात निघते म्हणाले, नंतर वाद नको. मग दोघांनी खाली सह्या केल्या.